मूळ नक्षत्राजवळचा आवाज आणि नारायणगावची रेल्वे



पुणे-नाशिक रेल्वेची बातमी मालवणात बसून कोणी बारकाईने वाचत असेल असं वाटत नाही. मी वाचतो. एक तर निवृत्त माणसाला वर्तमानपत्र पुरवून पुरवून वाचायची सवय लागते, आणि दुसरं म्हणजे या बातमीत रेल्वेच्या जोडीला एक दुर्बीण आहे. मूळ आखणीप्रमाणे ही गाडी चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर अशी नाशिकला जायची होती. नारायणगावच्या पूर्वेला खोडद नावाचं गाव आहे. तिथे जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, ही प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे. गाडी जवळून गेली तर दुर्बिणीच्या कामात बिघाड होईल, म्हणून २०२४-२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलावा लागेल असं सांगितलं, आणि शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने वळसा घालून जाणारा मार्ग पुढे आला. साहजिकच जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडचे लोक संतापले.

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याची सासुरवाडीही जुन्नर तालुक्यातलीच. त्याने फोनवर मला सरळ विचारलं, "मामानू, खंयच्या त्या दीर्घिकेच्या पोटात काय आसा ता बघूक आमी रस्त्यार मरूचा काय?"

प्रश्न मालवणीत आला म्हणून हसण्यावारी न्यायचा नाही. नाशिक रस्त्यावर रोज दोन-दोन तास अडकणाऱ्या माणसाचा तो प्रश्न आहे. "दीर्घिकेच्या पोटात" हे शब्दही त्याने अगदी नेमके वापरले आहेत, त्याला माहीत नसलं तरी. दीर्घिकांच्या पोटातले लहानसे, दाट गाभे ऐकणं हे रेडिओ दुर्बिणींच्या अवघड कामांपैकी एक आहे. फोनवर मला त्याला सगळं सांगता आलं नाही. मी आपला मराठी घेऊन बीए झालेला मास्तर, विज्ञानाचा माणूस नव्हे. पण गेली पंधरा-वीस वर्षं या विषयाचं मिळेल ते वाचत आलो आहे, त्यातून जे कळलं ते लिहितो.

खोडदला मी एकदा जाऊन आलो आहे. आम्ही काही निवृत्त शिक्षक शिवनेरी, लेण्याद्री, ओझर करत फेब्रुवारीच्या अखेरीस तिकडे होतो. विज्ञान दिनाच्या सुमाराला दुर्बीण लोकांना दाखवतात, प्रदर्शन असतं, शाळांच्या गाड्याच्या गाड्या येतात. आत शिरताना मोबाइल बंद करायला सांगतात. दुर्बीण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नळी येते. तिथे नळी नाही, ताटल्या आहेत. प्रत्येक ताटलीचा व्यास ४५ मीटर, आणि अशा एकूण ३०. त्यातल्या १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरलेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. द्राक्षं, ऊस, कांदा यांच्या शेतांमधून मधेच एखादी ताटली डोकं वर काढून उभी असते.

जवळ जाऊन बघितलं तर ताटली भरीव नाहीच. ती आहे जाळी. पोलादाच्या बारीक तारेची, मध्याकडे १० मिलिमीटरची भोकं आणि कडेला २० मिलिमीटरची. ही जाळी दोरखंडांनी ताणून सोळा कमानींवर बसवली आहे. आमच्यातले एक सर दांडीवरच्या रापणकरांच्या घरातले. त्यांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "जाळा झकास आसा, पण ह्याच्यात मासो खंयचो गावतलो?"

मला वाटतं त्या दिवशी सगळ्यांत चांगला प्रश्न त्यांनीच विचारला. जाळ्याचं भोक किती, यावर मासा कुठला राहणार हे ठरतं, हे आमच्याकडे पोरालासुद्धा माहीत असतं. इथे मासा म्हणजे रेडिओ लहर. खोडदला येणाऱ्या लहरींची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत. दोन सेंटिमीटरच्या भोकातून ती निसटत नाही, आरशावर पडल्यासारखी परत फिरते आणि वरच्या बाजूला गोळा होते. वारा मात्र भोकांतून आरपार जातो, म्हणून एवढी मोठी ताटली हलकी आणि स्वस्तात उभी राहते. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले हे शास्त्रज्ञ २०२० साली पुण्यात वारले.

त्यांची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या कल्याणपासून सुरू होते. १९६१ साली परदेशात असलेल्या चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी होमी भाभांना पत्र लिहिलं की आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्र उभं करतो. भाभांनी बोलावलं. स्वरूप १९६३ साली आले. ऑस्ट्रेलियाने वापरून बाजूला ठेवलेल्या, सहा-सहा फुटी ३२ ताटल्या आपल्याला देऊन टाकल्या होत्या, त्या १९६५ साली कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि सूर्याचं निरीक्षण सुरू झालं. भारतातली ही पहिलीच मोठी रेडिओ दुर्बीण. मग १९७० साली उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली, डोंगराच्या उतारावर. उतार असा निवडला की दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर राहावा. डोंगर फुकट मिळाला, यंत्रणा वाचली. मला हा कोकणी काटकसरीचा प्रकार फार आवडतो, जरी स्वरूप उत्तर प्रदेशातले असले तरी.

आता मूळ विषयाकडे येतो. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. आपली आकाशगंगा हे असं एक गाव. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक प्रचंड वजनाचं कृष्णविवर असतं. ते स्वतः दिसत नाही, पण त्याच्याभोवती फिरत आत पडणारा वायू तापतो, विजेचे कण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी बाहेर पडतात. दीर्घिकेच्या मानाने ही जागा इतकी लहान की अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात एक मोहरीचा दाणा म्हटलं तरी दाणा मोठाच ठरेल.

आणि अडचण अशी की दीर्घिकेत रेडिओ लहरी काही फक्त गाभ्यातूनच येत नाहीत. नवे तारे जन्मतात तिथला तापलेला वायू, फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, तेही लहरी सोडतात. रात्री मालवणच्या धक्क्यावरून खोल समुद्रात पाहिलं तर पाच-सहा होड्यांचे दिवे मिळून एकच ठिपका दिसतो. त्यातला नेमका तांडेलाच्या हातातला कंदील कुठला, हे सांगता येत नाही. त्यासाठी नजर बारीक हवी. रेडिओ दुर्बिणीची नजर बारीक करायची तर ताटल्या एकमेकींपासून लांब न्याव्या लागतात. एकट्याने पाग टाकून काठावरचे मासे मिळतात, रापणीला लांब दोर, अख्खा वाडा आणि दोन्ही टोकं एकाच लयीत ओढणं लागतं, तसंच. (उपमा इथेच सोडतो, जास्त ताणली तर विज्ञानवाले पुतणे फोन करतील.)

खोडदच्या ३० ताटल्या मिळून आपल्या सर्वांत आखूड लहरींवर जी बारकी नजर देतात ती साधारण दोन विकलांची. म्हणजे दोन किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढी. इंग्लंडात सात दुर्बिणी २१७ किलोमीटरवर पसरून जोडल्या आहेत, त्यांची नजर याहून दहापट बारीक. आणि २०१९ साली कन्या राशीकडल्या एम८७ दीर्घिकेच्या कृष्णविवराचं जे चित्र सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यासाठी तर पृथ्वीभरच्या दुर्बिणी एकत्र केल्या होत्या. त्या चित्रातलं कडं आकाशात किती मोठं? चंद्रावर एक हापूस आंबा ठेवला तर इथून दिसेल तेवढं.

मग खोडदचं काय वेगळेपण? तर लांब लहरी. इथे मला एक उदाहरण द्यायचं आहे, कारण भाच्याला उत्तर द्यायचं तर "जगात नाव होतं" असलं मोघम सांगून भागणार नाही. २०१६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या प्रीती खर्ब आणि सहकाऱ्यांनी कन्या राशीतल्या एनजीसी ४२३५ नावाच्या दीर्घिकेचा खोडदच्या दुर्बिणीने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. गाभा चालू आहे हे माहीत होतं. लांब लहरींवर त्याच्या बाजूला एक जुना, विझत चाललेला फुगवटा असल्याची खूण दिसली. म्हणजे हा गाभा आधी एकदा पेटला होता, मग शांत झाला आणि पुन्हा पेटला, असं बहुधा घडलं असावं. जुना फुगवटा आताच्या खेपेपेक्षा निदान दुप्पट वयाचा. "बहुधा" हा शब्द त्यांनीच वापरलेला आहे, मी नव्हे.

चुलीचं आहे तसंच. निखारा लाल आहे हे आखूड लहरींच्या तीक्ष्ण नजरेला दिसतं. राखेचा ढीग किती, काल कोणी स्वयंपाक केला होता का, हे लांब लहरींना कळतं. दोन्ही बघितल्याशिवाय त्या घरात माणसं कधीपासून राहतात ते समजायचं नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच गावचं, म्हणजे आकाशगंगेचं. हा सर्वांत जवळचा गाभा. सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, चाळीस लाख सूर्यांहून जास्त वजनाचा. १९३३ साली कार्ल जान्स्की या अमेरिकन इंजिनिअरने टेलिफोन कंपनीसाठी बिनतारी संदेशातली खरखर शोधता शोधता जाहीर केलं की यातली एक खरखर पृथ्वीवरची नाही, धनू राशीच्या दिशेने येते. मग १९७४ साली बालिक आणि ब्राउन या दोघांनी त्या भागातला अगदी टिंबाएवढा गाभा हुडकला. त्याला सॅजिटेरियस ए स्टार म्हणतात, आपण धनू ए तारा म्हणू. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागावरून चंद्र सरकत असताना उटीच्या दुर्बिणीने निरीक्षणं केली होती. चंद्राची कड सुरीसारखी पुढे जाते, एकेक तुकडा झाकते, आणि आवाज कधी किती कमी झाला त्यावरून मागे काय कुठे आहे ते काढता येतं. स्वतःची नजर जाड असेल तर चंद्राची कड उसनी घ्यावी! आणि २००४ साली सुभाषिस रॉय आणि ए. प्रमेश राव यांनी खोडदहून ५८० मेगाहर्ट्‌झवर हा तारा पकडला. इतक्या लांब लहरींवर तो त्याआधी कोणाला नीट दिसलाच नव्हता.

देवयानी दीर्घिकेचीही गंमत सांगण्यासारखी आहे. आपली शेजारीण, २५ लाख प्रकाशवर्षांवर. तिच्या गाभ्यातलं कृष्णविवर आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जड, दहा कोटी सूर्यांहून जास्त. पण आवाज? इतका क्षीण की तो १९९२ पर्यंत सापडला नव्हता. वजनावर आवाज ठरत नाही. शाळेत असतो तर हे वाक्य फळ्यावर लिहून पुढच्या बाकावरच्या एक-दोघांकडे पाहिलं असतं.

इंग्लंडातल्या त्या सात दुर्बिणींनी जवळपासच्या २८० दीर्घिका तपासल्या. त्यांपैकी १२५ मधून काही ऐकू आलं. उरलेल्या १५५ गप्प. त्यांनी त्या गप्प बसलेल्या १५५ सुद्धा तितक्याच निगुतीने नोंदवल्या, ऐकण्याची मर्यादा किती होती ते लिहून. मला या कामातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे "सापडलं" याची पत्रकार परिषद होते. "नीट शोधलं आणि सापडलं नाही" हे लिहून ठेवायला वेगळी प्रामाणिकता लागते. फक्त मोठ्या आवाजाच्या दीर्घिका मोजल्या तर सगळ्या दीर्घिका भांडकुदळ असतात असा निष्कर्ष निघेल, आणि तो खोटा असेल. बहुतेक गाभे आयुष्याचा बराच काळ शांत असतात, हे शांत गाभे ऐकायला बसल्यावरच कळतं.

जाता जाता मूळ नक्षत्राबद्दल. आकाशगंगेचा गाभा आकाशात मूळ नक्षत्राला अगदी लागून आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला पहाटे तीनच्या सुमारास दक्षिणेला बघा, विंचवाची वळलेली नांगी म्हणजे मूळ, तिच्या डावीकडे किटलीसारखा दिसणारा धनू, या दोघांच्या मधे तो गाभा. श्रावणात हा भाग संध्याकाळीच वर असतो, पण तेव्हा कोकणात आभाळ कुठलं दिसायला. रेडिओ लहरींना ढगांचं काही नाही, खोडदला भर पावसात आणि भर दुपारीही काम चालतं. तर, "मूळ" म्हणजे आकाशगंगेचं मूळ, म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असा एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी फिरतो. गाभा डोळ्यांना दिसत नाही, धुळीच्या मागे आहे, त्यामुळे नाव जुळलं हा योगायोगच म्हणायचा. त्यापेक्षा मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून किती मुलींची लग्नं मोडली त्याचा हिशेब करावा. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचं याच कारणावरून दोनदा मोडलं. असो.

आता शांततेचा मुद्दा, ज्यावर सगळा वाद आहे. हे गाभे इतके हळू बोलतात की ते ऐकण्यासाठी आजूबाजूला शांतता लागते, कानाची नव्हे, रेडिओची. एक साधा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू ठेवला तर तो इथून आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक ठरेल. धनू ए ताऱ्याच्या शेकडो पट. तो चंद्रावर, मग नारायणगावच्या बाजारात चालू असलेल्या हजारो मोबाइलांचं काय होत असेल! विजेवरच्या रेल्वेत वरच्या तारेशी घासताना ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी ही सगळ्या लहरींवर एकदम मारलेली आरोळी असते. पूर्वी पावसाळ्यात पणजी केंद्र ऐकताना वीज चमकली की रेडिओ कडाडायचा, ते आठवा.

शांततेचा हा प्रश्न आम्हा मालवणवाल्यांना लांबचा वाटू नये. रात्री समुद्रावर एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटी येतात. केंद्र सरकारने २०१७ साली या प्रकाराला बंदी घातली, तरी क्षितिजावर उजेड दिसायचा तो दिसतो. एकाचा दिवा इतका मोठा की पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याला मासा येत नाही, आणि किनाऱ्यावरून तारेही दिसत नाहीत. अंधार आणि शांतता यांची मालकी कोणाच्या नावावर नसते, म्हणून त्या पहिल्यांदा जातात. ज्याच्याकडे मोठा दिवा आहे त्याला त्या संपल्याचं कळतही नाही.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथे १९५८ पासून रेडिओ शांततेचं मोठं क्षेत्र राखलं आहे, सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटर. आपल्या पुणे जिल्ह्याच्या दुपटीहून मोठं. १९७४ सालचा तो टिंबाएवढा गाभा तिथेच सापडला. आपल्याकडे एवढी मोकळी जमीन नाही, माणसं आहेत. म्हणून खोडदची जागा फार विचार करून निवडली: शहरांपासून दूर, भोवती डोंगर आडोशाला, आणि अक्षांश असा की वरचं वातावरण लांब लहरींची फार ओढाताण करत नाही आणि धनू राशीसारखा दक्षिणेचा भागही चांगला दिसतो. "उचला आणि दुसरीकडे न्या" म्हणणाऱ्यांनी २५ किलोमीटरवर पसरलेल्या तीस ताटल्या, त्यांना जोडणारं जमिनीखालचं तारांचं जाळं आणि २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याच जागेवरून केलेली निरीक्षणं डोळ्यांसमोर आणावी. आणि नेणार कुठे? आज शांत असलेला दुसरा तालुका वीस वर्षांनी शांत राहील याची हमी कोण देणार?

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. दुर्बीण हलवू नये, आणि रेल्वे तिच्याजवळून नेऊ नये.

पण एवढं बोलून थांबणाऱ्यांशी माझं पटत नाही. मला कोकण रेल्वेची वाट पाहणारी वर्षं आठवतात. आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधू दंडवते यांनी ती मागणी किती वर्षं लावून धरली. एसटीत रात्रभर पोट धरून बसलेल्या बायका, मुंबईत मयत झालं तर वेळेत न पोहोचणारे मुलगे, हे सगळं आम्ही पाहिलं आहे. २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला तेव्हा मालवणला स्टेशन नव्हतंच, आजही नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरायचं आणि पुढे रस्त्याने यायचं. तरी आयुष्य बदललं. हे मी भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मामानू, तुमका तीस किलोमीटर. आमका शिर्डी खंय नी जुन्नर खंय?" बरोबर आहे त्याचं. गाडी वळवून लांबून नेली की जुन्नर आणि आंबेगावच्या हातात काही राहत नाही.

म्हणजे या दुर्बिणीचा खर्च कोण देतंय ते नीट बघितलं पाहिजे. पैसे देशाने दिले. शांतता मात्र त्या दोन-तीन तालुक्यांनी दिली, आणि आता रेल्वेही तीच देणार. ग्रीन बँकचं नाव घेताना आपण विसरतो की शांततेसाठी तिथल्या लोकांनाही मुरड घालावी लागते. जे तालुके देशासाठी गप्प बसतात त्यांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, उपकार म्हणून नव्हे. नाशिक रस्ता रुंद आणि वाहता करणं, पर्यायी मार्गावरच्या जवळच्या स्टेशनापर्यंत भरवशाची बससेवा, आणि दुर्बिणीला त्रास न देता किती अंतरावरून, कुठल्या डोंगराच्या आडून, कुठल्या प्रकारची गाडी नेता येईल याचा खुला अभ्यास, मराठीत छापलेला. आतापर्यंत या प्रकरणात एका बाजूने "शास्त्रज्ञ नाही म्हणाले" आणि दुसऱ्या बाजूने "दुर्बीण हलवा" एवढंच ऐकू येतं. मधली आकडेवारी गावकऱ्यापर्यंत पोचतच नाही.

मराठीत छापलेला, हे मुद्दाम लिहिलं. विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते, तिथले तरुण शास्त्रज्ञ मुलांना मराठीतून समजावतात, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि ते फार चांगलं आहे. पण वर्षाचे उरलेले ३६४ दिवस? एनजीसी ४२३५ ची ती गोष्ट मी इंग्रजीत, शब्दकोश जवळ ठेवून, चार दिवस खपून वाचली. ज्याच्या बांधाला लागून ताटली उभी आहे त्या शेतकऱ्याने ती कुठे वाचायची? डॉ. जयंत नारळीकरांनी आयुष्यभर मराठीतून विज्ञान लिहिलं, २०२५ साली ते गेले. त्यांच्याइतकं कोणी लिहावं अशी अपेक्षा नाही. वर्षातून चार पानं पुरेत. या वर्षी तुमच्या शांततेत आम्ही अमुक दीर्घिका ऐकल्या, इतक्या बोलल्या, इतक्या गप्प राहिल्या. ती चार पानं खोडदच्या ग्रामपंचायतीत, नारायणगावच्या एसटी स्टँडवर आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या फळ्याशेजारी लागावीत. मजकूर साधा करून द्यायला, शुद्धलेखन तपासायला माणूस हवा असेल तर फुकट काम करायला मी तयार आहे. माझ्यासारखे रिकामे मास्तर महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.